घरात ग्लूटेन फ्री सुरू करताय? हिंगापासून गिरणीपर्यंत काय काय बघायचं

डॉक्टरांनी सिलिॲक (गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार) सांगितलं की घरातले सगळे पोळीचाच विचार करत बसतात, आता पोळी बंद म्हणजे जेवायचं काय. खरं सांगू का, मराठी घरात पोळीची सोय लावणं हा यातला सोपा भाग आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा सगळं आपल्याकडे आधीपासून आहे आणि ते करायची रीतही घरात कुणाला ना कुणाला माहीत असते. त्रास देतो तो न दिसणारा गहू, हिंगातला, गिरणीतला, तळणीच्या तेलातला, चमच्याला लागलेला. आमच्या मुलीला सिलिॲक आहे म्हणून हे सगळं रोजचं झालंय, आणि नवीन कुणी विचारलं की ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने इथे लिहितेय.

आधी टेस्ट, मग गहू बंद

पोट बिघडतंय, हिमोग्लोबिन वर येत नाही, मुलाची उंची वाढत नाही म्हणून कुणाचं ऐकून आधीच गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए नावाची रक्ताची टेस्ट असते, सोबत टोटल आयजीए पण करतात, आणि बऱ्याचदा एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा बारीक तुकडा तपासतात. या टेस्ट गहू खाणं चालू असतानाच नीट कळतात. आधीच बंद केलं तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो आणि मग टेस्टसाठी परत काही आठवडे गहू खावा लागतो, ते फार त्रासाचं होतं. आधीच बंद केला असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

सिलिॲकमध्ये ग्लूटेनमुळे शरीर आपल्याच आतड्यावर हल्ला करतं, आतड्याच्या आतली बारीक लव झिजते आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही, आहार हाच उपाय. हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं ते विलेम कारेल डिके नावाच्या डच बालरोगतज्ञाने, त्यांचा प्रबंध १९५० चा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली आणि पाव परत मिळायला लागल्यावर परत खालावली, त्याने त्यांचा गव्हावरचा संशय पक्का झाला.

"थोडंसं खाल्लं तर काय होतंय" हे तुम्हाला शंभर वेळा ऐकायला मिळेल म्हणून एक हिशोब सांगून ठेवते. एका मध्यम पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे एका पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक, रोज. आजीला, काकूला, शाळेतल्या बाईंना हे असं सांगितलं की पटकन कळतं, आतड्याची चित्रं दाखवून कळत नाही.

काय बंद, काय चालू

बंद म्हणजे गहू आणि गव्हाचं सगळं: कणीक, मैदा, रवा, दलिया, गव्हाच्या शेवया, कुरडया, पाव, टोस्ट, खारी, बिस्किटं. शिवाय जव म्हणजे बार्ली, आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं परदेशी धान्य). खपली गहूसुद्धा बंद, हे मुद्दाम लिहितेय कारण खपली पचायला हलका, शुगरला बरा असं म्हणत लोक तो सिलिॲकच्या पेशंटलाही सुचवतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. ओट्समध्ये स्वतःचं ग्लूटेन नसलं तरी बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गव्हा-जवाची भेसळ जवळपास धरूनच चाला, ग्लूटेन फ्री लिहिलेले ओट्ससुद्धा सुरुवातीला डॉक्टरांना विचारूनच.

चालू म्हणजे तांदूळ, पोहे, मुरमुरे, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, दूध-दही, अंडी, मासे, मटण. उपवासाचं पीठ, भगर, साबुदाणा हे आपल्याला आयतंच आहे, फक्त पाकीट असेल तर मागची बाजू वाचायची.

आपल्या नेहमीच्या डब्यांमधल्या तीन गोष्टी पटकन लक्षात येत नाहीत. थालीपीठाची भाजणी, त्यात बहुतेक ठिकाणी गहू असतो. मेतकूट, त्यातही गहू भाजून घालतात. आणि सातूचं पीठ, ते तर गव्हाचं किंवा जवाचंच. "मेतकूट-भात तरी देऊ" म्हणून आजारी माणसाला प्रेमाने वाढलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. तिन्ही गोष्टी घरी गहू वगळून करता येतात, भाजणीचं पुढे सांगते.

हिंग

याला वेगळं शीर्षक दिलंय कारण याच्यावर कुणाचं लक्षच जात नाही. आपण जो पावडरीचा हिंग वापरतो तो शुद्ध हिंग नसतो, शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात किंवा डिंकात मिसळून विकतात आणि ते पीठ बरेचदा मैदा किंवा गव्हाचं असतं. आता उघडा मिसळणाचा डबा आणि बघा हिंग कुठे कुठे जातो: आमटी, पिठलं, कढी, सगळ्या भाज्यांची फोडणी, लोणचं, पापड, चिवडा, गोडा मसाला, सांबार मसाला. माणूस पोळी सोडून महिनोन् महिने भात खातो आणि तरी बरा होत नाही, तेव्हा असली एखादी डबी कारण असू शकते.

तर दुकानात हिंगाची डबी उलटी करून घटक वाचायचे. तांदळाचं पीठ किंवा नुसता खाद्य डिंक लिहिलेला हिंग मिळतो, तो घ्यायचा. खडा हिंग सुटा घेत असाल तर सावध, बांधणीच्या म्हणजे पीठ घालून वळलेल्या खड्यातही मैदा असू शकतो. मिळाला नाही तर काही दिवस हिंगाशिवाय फोडणी करा, लसूण जास्त घाला, जेवण अडत नाही. आणि जुना हिंग ज्या डब्यात होता त्या मिसळणाच्या डब्यातले सगळे मसाले काढून टाका, डबा घासा, नवीन भरा. तोच छोटा चमचा हळदीत, मोहरीत, हिंगात फिरलेला असतो. लोणच्याची जुनी बरणी आणि विकतचा गोडा मसाला पण बाकीच्यांसाठी बाजूला.

स्वयंपाकघर

सगळं घर ग्लूटेन फ्री करता आलं तर उत्तमच, लहान मूल असेल तर मी तेच सुचवेन. नाही जमलं तर या वस्तू वेगळ्या हव्यातच: पोळपाट-लाटणं, तवा, परात, पिठाची चाळणी, लाकडी उलथनं-डाव, टोस्टर असेल तर टोस्टर. लाकूड आणि बिडाचा तवा यांच्यात पीठ बसतं, घासून पूर्ण जात नाही. स्टीलची भांडी, कुकर, काचेच्या वाट्या नीट घासून चालतात, फक्त घासणी वेगळी ठेवा. तळणीचं तेल वेगळं, पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळायचा नाही.

पोळ्या होणारच असतील तर आधी भाकरी करून, झाकून, ओटा पुसून मग कणीक काढायची. कोरडं पीठ उडतं आणि शेजारच्या उघड्या आमटीत पडतं, चाळताना तर जास्तच. ग्लूटेन फ्री डबे वरच्या फळीवर, गव्हाचे खालच्या, म्हणजे सांडलं तरी वरून खाली येणार नाही. डब्यांवर जाड रंगीत टेप लावा, सगळ्यांना लांबून कळतं, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनाही. मावशींना नुसते नियम सांगू नका, कारण सांगा, मग त्याच तुमच्यापेक्षा जास्त जपतात. तूप, लोणी, जॅम यात पोळीचा चमचा बुडतो, म्हणून त्यांच्या छोट्या बरण्या वेगळ्या.

धान्य आणि गिरणी

माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं इथे लावायला हवं. वाण्याकडे ज्वारीचं पोतं आणि गव्हाचं पोतं शेजारी शेजारी असतं आणि माप एकच, त्यामुळे सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, ताटात पसरून बघा म्हणजे दिसतील. बंद पाकीट घ्या किंवा थेट शेतकऱ्याकडून पोतं आणा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर भाकरीला फार सुंदर, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. आणलेलं धान्य कितीही स्वच्छ दिसलं तरी निवडायचं, मग धुऊन फडक्यावर चांगलं वाळवायचं. नाचणी तर दोन-तीनदा धुवावीच लागते.

आता दळण. कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. दगडाच्या फटीत, खाली लावलेल्या कापडी नळीत, डब्यात सगळीकडे कणीक बसलेली असते आणि तुमची दोन किलो ज्वारी त्याच वाटेने खाली येते. गिरणीवाले काका चांगले असतात, "वहिनी, आधी तुमचंच दळतो" म्हणतात, पण कालचा गहू आत असतोच आणि हवेतही पीठ असतं. ज्वारी-बाजरीसाठी वेगळं जातं असेल तरी त्यावर कुणी मिश्र दळण टाकतं. सिलिॲकला हे चालत नाही. परवडत असेल तर घरघंटी घ्या, नवीनच घ्या, गहू दळलेली सेकंडहँड नको, आणि तिच्यात गहू कधीही घालू नका, पाहुणे आले तरी. आमच्या घरात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच आहे, पीठ ताजं मिळतं, डाळ दळून बेसन घरचं होतं, मोठी जाळी लावली की कण्या निघतात. घरघंटी शक्य नसेल तर थोडं थोडं मिक्सरवर दळून चाळून घ्या, किंवा ग्लूटेन फ्री लिहिलेलं पाकीट आणा. विकतच्या सुट्या बेसनाचा भरवसा धरू नका, ते कुठे दळलंय कळत नाही.

भाकरी आणि पोळीऐवजी काय

ज्यांना भाकरी येते त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. ज्यांना येत नाही त्यांनी ज्वारीपासून सुरू करा. पीठ आठवड्याभराचंच दळा, जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडेने फाटते. बाजरीचं तर लवकर कडू होतं. परातीत एका भाकरीचं पीठ घ्या, मधे खड्डा करून कढत पाणी घाला, आधी चमच्याने हलवा, हाताला सोसेल इतकं झालं की तळहाताने रगडून रगडून मळा. इथे घाई नको, पीठ मऊ लोण्यासारखं झालं की चिरा पडत नाहीत. खाली पीठ भुरभुरून गोल फिरवत थापा, तापलेल्या तव्यावर पिठाची बाजू वर येईल अशी टाका, लगेच वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा, दुसरी बाजू नीट भाजली की तवा बाजूला करून आचेवर टाका, फुगते. थापायला जमेना तर दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटा, सुरुवातीला बिनधास्त.

डब्यासाठी भाकरी दुपारपर्यंत वातड होते म्हणून उकड काढून पोळी करा. एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, उकळी आली की एक वाटी ज्वारीचं पीठ घालून हलवायचं, गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं. मग कोमट असतानाच भरपूर मळून, तांदळाच्या पिठीवर पातळ लाटून भाजायची. ही मऊ राहते, भाजी गुंडाळून रोल होतो, मुलं खातात. तांदळाची उकड याच पद्धतीने, तिच्या भाकऱ्या कोकणात रोजच्याच. पीठ अगदीच सुटत असेल तर चमचाभर इसबगोल घाला, धरून ठेवतं.

थालीपीठाची भाजणी: ज्वारी दोन वाट्या, बाजरी दोन, तांदूळ एक, हरभरा डाळ एक, उडीद डाळ अर्धी, धने पाव वाटी, जिरे दोन चमचे. प्रत्येक जिन्नस वेगळा खमंग भाजून, गार करून घरघंटीवर दळायचं. गव्हाशिवाय चव कमी होत नाही, मला तर ही जास्त खुसखुशीत वाटते.

रोजच्या नाश्त्याला पोहे, घावन, धिरडी, इडली, डोसा, आंबोळी, साबुदाणा खिचडी, उपमा हवा तर ज्वारीच्या कण्यांचा. कण्या रात्री भिजत घाला, सकाळी कांदा-मिरचीच्या फोडणीत कुकरला शिजवा, मोकळा होतो. दुकानात इडली रवा मागितला की तोच हातात आलाय का बघा, तो तांदळाचा असतो, साधा रवा गव्हाचा, पाकिटं सारखीच दिसतात. आणि नुसत्या भातावर राहू नका. सुरुवातीला लोह, बी१२, डी व्हिटॅमिन कमी असतं, म्हणून नाचणी, बाजरी, डाळी, पालेभाज्या, तीळ ताटात रोज फिरते ठेवा. काहींना पहिले काही महिने दूधही पचत नाही, आतडं सुधारलं की बहुतेकांना परत चालतं.

पाकीट वाचणं

भारतात पाकिटावर ग्लूटेन असलेल्या धान्याची सूचना देणं बंधनकारक आहे, घटकांच्या यादीखाली ठळक अक्षरात कंटेन्स व्हीट वगैरे लिहिलेलं असतं, तिथे आधी बघा. ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, एफएसएसएआयचा म्हणजे भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम तसा आहे. लो ग्लूटेन लिहिलेलं घेऊ नका, त्यात १०० पर्यंत असू शकतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात नाचणी, मल्टिग्रेन, मिलेट लिहिलेलं असतं आणि मागे पहिलाच घटक गव्हाचं पीठ, नाचणी बिस्किटांचं आणि ज्वारीच्या नूडल्सचं बहुतेक वेळा असंच. माल्ट हा शब्द शोधा, माल्ट म्हणजे जव. हॉर्लिक्स, बोर्नव्हिटा बंद, बरेचसे कॉर्नफ्लेक्सही, मका असूनही त्यात माल्ट असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो. गुलाबजाम मिक्स, ढोकळा मिक्स, सूपची पाकिटं, सोया चाप, सगळं वाचून. घटक बदलतात, म्हणून ओळखीचं पाकीटही प्रत्येक खेपेला वाचा.

अमेरिकेत असाल तर तिथेही मर्यादा २० च आहे, पण तिथे ॲलर्जीच्या ओळीत गहू लिहावा लागतो, जव नाही, त्यामुळे माल्ट आणि बार्ली घटकांमध्ये स्वतः शोधायचं. इंडियन स्टोअरमधल्या हिंगाच्या डबीचंही इथल्यासारखंच.

पहिल्याच महिन्यात महागडे ग्लूटेन फ्री ब्रेड आणि कुकीज आणून कपाट भरू नका. ते कधीतरी वाढदिवसाला ठीक, पण त्यात स्टार्च आणि साखरच जास्त असते, पोट भरायला भाकरी-भातच. औषधांच्या गोळ्यांत स्टार्च असतं, ते कशाचं आहे हे डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारून घ्या.

सण, पाहुणे, शाळा, हॉटेल

दिवाळीचा अर्धा फराळ आपला आहेच: चकली, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे. मात्र घरच्या पिठाचा आणि वेगळ्या तेलातला. शंकरपाळे, करंज्या, चिरोटे, रव्याचे लाडू शेवटी करा किंवा त्या वर्षी करूच नका. गणपतीला उकडीचे मोदक, होळीला पुरण तांदळाच्या उकडीत भरून वाफवा, वर तूप. सत्यनारायणाचा प्रसाद वरीच्या तांदळाचा किंवा तांदळाच्या रव्याचा करता येतो, घरच्या पूजेला सगळ्यांसाठी तोच केला की पेशंटला वेगळं बसवायला लागत नाही, आम्ही तसंच करतो. दुसऱ्यांकडे प्रसाद हातात आला तर कपाळाला लावून घरातल्या दुसऱ्याला द्यायचा, देव समजून घेतो आणि हळूहळू माणसंही समजून घेतात. गोव्यात आणि वसईत चर्चला जाणाऱ्यांनी फादरना आधी भेटा, कमी ग्लूटेनची ऑस्ती (मिस्सात देतात ती गव्हाची पातळ चकती) चर्चला मान्य आहे.

लग्नाला, बारशाला जाताना आधी घरी खाऊन निघा किंवा डबा घ्या. यजमानांना दोन दिवस आधी फोन करा आणि "काकू, तिच्यासाठी साधा वरण-भात बाजूला काढाल का, हिंग घालायच्या आधी, आणि चमचा वेगळा" इतकं नेमकं सांगा. नुसतं "तिला गहू चालत नाही" म्हटलं की लोक पोळी तेवढी वाढत नाहीत.

शाळेत बाईंना एका कागदावर लिहून द्या. डब्याची अदलाबदल, वाढदिवसाचा केक हे तर आहेच, शिवाय हस्तकलेची खळ मैद्याची असते आणि प्लेडोमध्येही गहू असतो, हात तोंडात जातात. वर्गात वाढदिवस असेल तेव्हा तिच्या दप्तरात राजगिऱ्याची चिक्की किंवा लाडू असूच दे, सगळे खात असताना ते मूल रिकाम्या हाताने बसू नये, याची काळजी खाण्याच्या काळजीइतकीच घ्या.

हॉटेलात वडा बेसनाचा असला तरी तो समोशाच्या तेलात तळलेला असतो. मिसळीत फरसाण, ग्रेव्हीत मैदा, मंचुरियन तर पूर्णच बंद. इडलीवाल्याकडे वाफेची इडली आणि खोबऱ्याची चटणी त्यातल्या त्यात बरी, सांबारात हिंग धराच, इडली गव्हाच्या रव्याची नाही ना आणि चटणीला हिंगाची फोडणी नाही ना हे विचारा. प्रवासात ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, घरचा चिवडा, उकडलेली अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे. रेल्वेत यावर दोन दिवस सहज जातात.

सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीटीजी परत करतात, आकडा खाली येत जायला हवा. बरं वाटायला लागलं म्हणून ही टेस्ट टाळू नका, कारण काहींना गहू पोटात गेला तरी वरून काहीच जाणवत नाही आणि आत झीज चालू राहते. आणि पेशंटचे आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं यांचीही टीटीजी एकदा करून घ्या, काही त्रास नसला तरी, आणि ती होईपर्यंत त्यांचा गहू चालू ठेवा.